सांधा कुठे ठेवायचा?

जून 2018 मध्ये एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्याघेण्याच्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांनी पाच लेखांची एक मालिका प्रसिद्ध केली. दोन वर्षे मेहनतीने वापरलेले ‘रिअ‍ॅक्ट नेटिव्ह’ हे साधन कंपनी सोडून देत आहे आणि आपली मोबाइल अ‍ॅप्स पुन्हा आयफोनसाठी वेगळी, अँड्रॉइडसाठी वेगळी लिहिणार आहे, असे त्यात सांगितले होते. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या जगात या लेखांचा मोठा गाजावाजा झाला. आजही नव्या अ‍ॅपची चर्चा सुरू झाली की ‘एअरबीएनबीने सोडले ना ते!’ हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येतेच.

त्याच मालिकेतला एक तपशील मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. कंपनीने आपल्याच इंजिनिअरांचे मत घेतले होते. पुन्हा संधी मिळाली तर हेच साधन निवडू, असे त्यांतले 63 टक्के म्हणाले. नव्या प्रकल्पासाठी त्याचा विचार करू, असे म्हणणारे 74 टक्के होते. जे भाग या साधनात लिहिले गेले, त्यांचा 95 ते 100 टक्के कोड दोन्ही फोनांवर सामाईक राहिला होता. साधनाने मुख्य वचन पाळले, वापरणाऱ्या बहुसंख्यांना ते आवडले, आणि तरीही ते सोडावे लागले. हे कसे घडले ते समजून घेतले, की एका कोडमधून दोन फोनांची अ‍ॅप्स काढणाऱ्या साधनांत निवड कशी करायची, याचाही बराचसा उलगडा होतो.

मूळ दुखणे जुने आहे. आयफोन 2007 साली आला. त्याचे अ‍ॅप स्टोअर 10 जुलै 2008 रोजी सुमारे 500 अ‍ॅप्सनिशी उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत विक्रीला आला. आयफोनची अ‍ॅप्स ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहायची, अँड्रॉइडची जावात. पुढे अ‍ॅपलने 2014 मध्ये स्विफ्ट आणली, गूगलने 2017 मध्ये कोटलिनला अधिकृत मान्यता दिली. भाषा बदलल्या, दुफळी कायम राहिली. सुरुवातीच्या त्या वर्षांत तर नोकियाचे सिम्बियन, ब्लॅकबेरी आणि विंडोज फोन हेही रिंगणात होते.

एकच अ‍ॅप दोनदा लिहायचे म्हणजे खर्च दुप्पट, हे कोणालाही दिसते. त्याहून मोठा खर्च उशिरा दिसतो. दोन टीम दोन भाषांत तेच नियम लिहितात आणि महिन्यागणिक ते नियम एकमेकांपासून सरकू लागतात. एका फोनवर व्याज पैशापर्यंत मोजले जाते, दुसऱ्यावर रुपयात पूर्ण केले जाते. एकीकडे रद्द केलेली ऑर्डर यादीतून जाते, दुसरीकडे तशीच राहते. ग्राहकाची तक्रार आली की आधी ‘तुमचा फोन कोणता?’ हे विचारावे लागते. एकच कोड दोन्हीकडे चालवण्याची ओढ प्रामुख्याने इथून येते.

आता कोड कितीही सामाईक असला, तरी शेवटी त्याला फोनशी बोलावेच लागते. कॅमेरा, ब्लूटूथ, बोटांच्या खुणा, कीबोर्ड, सूचना, ही सगळी फोनची मालमत्ता आहे आणि ती प्रत्येक फोनवर वेगळ्या पद्धतीने मागावी लागते. सामाईक कोड जिथे संपतो आणि फोनचा स्वतःचा कारभार जिथे सुरू होतो, तिथे एक सांधा असतो. आजवर आलेल्या प्रत्येक साधनाने हा सांधा वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिला आहे. तो नाहीसा करणे कोणालाही जमलेले नाही. म्हणून निवड करताना पाहायचे ते हे, की कोणत्या ठिकाणचा सांधा आपल्या टीमला वर्षानुवर्षे सांभाळता येईल.

पहिला मोठा प्रयोग ब्राउझरच्या आधाराने झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नितोबी या छोट्या कंपनीने 2008 मध्ये फोनगॅप सुरू केले. युक्ती सोपी होती. अ‍ॅपच्या आत एक ब्राउझर ठेवायचा, त्याला वेबव्ह्यू म्हणतात, आणि सगळे अ‍ॅप वेबपानांसारखे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. वेबपान येणारा कोणीही डेव्हलपर मोबाइल अ‍ॅप काढू लागला. अ‍ॅडोबीने 2011 मध्ये नितोबी विकत घेतली आणि कोड अपाची फाउंडेशनकडे दिला. तिथे त्याला कॉर्डोव्हा हे नाव मिळाले. नितोबीचे कार्यालय ज्या रस्त्यावर होते, त्या रस्त्याचे ते नाव.

त्याच सुमारास अ‍ॅपलने या सगळ्या प्रकारालाच अटकाव करून पाहिला. एप्रिल 2010 मध्ये कंपनीने डेव्हलपरांच्या करारात एक कलम घातले. अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी प्लस प्लस किंवा आयफोनच्या वेबकिटवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असले पाहिजे, दुसऱ्या भाषेतून रूपांतर केलेले चालणार नाही, असे ते कलम सांगत होते. रोख मुख्यतः अ‍ॅडोबीच्या फ्लॅशवर होता. 29 एप्रिलला स्टीव्ह जॉब्सने फ्लॅशवर जाहीर पत्र लिहून आपली भूमिका मांडली. मधल्या थराचा मालक तिसराच असला, तर फोनमध्ये आलेली नवी सोय तो मालक जेव्हा आणि जर उचलेल तेव्हाच डेव्हलपरला मिळेल, आणि सगळ्या फोनांवर चालायचे म्हणून त्यांतल्या समान गोष्टींवरच भागवले जाईल, हा त्याचा मुद्दा होता. सप्टेंबरात अ‍ॅपलने बंदी सैल केली.

बंदी जाचक होती. पण जॉब्सचा पहिला मुद्दा खोटा नव्हता, आणि हे नऊ वर्षांनी अँड्रॉइडवर दिसले. गूगलच्या प्ले स्टोअरने ऑगस्ट 2019 पासून अ‍ॅप्सची 64 बिट आवृत्ती सक्तीची केली. अँड्रॉइडवर 64 बिट चालणारे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्याच वर्षी मार्चमध्ये हाती आले. जावा किंवा कोटलिनमध्ये थेट लिहिणाऱ्यांना ही सोय कधीपासून उपलब्ध होती. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांना पाच महिन्यांत आवृत्ती बदलून, तपासून, मुदतीपूर्वी चढवावी लागली.

वेबव्ह्यूच्या वाटेला सर्वांत मोठा धक्का फेसबुककडून बसला. फेसबुकच्या आयफोन अ‍ॅपचा मोठा भाग तेव्हा वेबपानांवर चालत होता. सरकवताना यादी अडखळायची, चित्रे उशिरा यायची. ऑगस्ट 2012 मध्ये कंपनीने आयफोनचे अ‍ॅप थेट ऑब्जेक्टिव्ह-सीत नव्याने लिहून बाहेर काढले. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जाहीर मुलाखतीत मार्क झकरबर्गने सांगितले की एचटीएमएल 5 वर फार भरवसा टाकला, ही कंपनीची सर्वांत मोठी चूक होती. त्या वर्षाअखेरीस अँड्रॉइडचे अ‍ॅपही बदलले.

आणि याच कंपनीत पुढच्याच वर्षी, 2013 च्या एका अंतर्गत हॅकेथॉनमध्ये, रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे बीज पडले. वेब सोडून आलेल्या लोकांनाच वेबचा वेग आठवत होता. तिथे कोडची एक ओळ बदलली की लगेच पान बदललेले दिसते, आयफोनवर मात्र दर वेळी सगळे अ‍ॅप पुन्हा बांधत बसावे लागे. त्यांनी सांधा खाली सरकवला. अ‍ॅपचा विचार जावास्क्रिप्टमध्ये करायचा, पण पडद्यावर उमटणारे बटण, अक्षरे, यादी ही फोनची स्वतःची, खरीखुरी असतील. जावास्क्रिप्टने ‘इथे बटण हवे’ असा निरोप पाठवायचा आणि फोनने ते काढायचे. मार्च 2015 मध्ये आयफोनसाठी आणि सप्टेंबरात अँड्रॉइडसाठी ते सर्वांना खुले झाले.

हे निरोप एका पुलावरून जात. डेव्हलपर त्याला ब्रिजच म्हणतात. प्रत्येक निरोप मजकुरात बांधायचा, पलीकडे पाठवायचा, तिथे सोडवायचा, आणि उत्तराची वाट पाहत न थांबता पुढे जायचे. फॉर्म भरण्याच्या पडद्याला हे पुरते. लांबलचक यादी बोटाने भराभर सरकवली, किंवा बोटाबरोबर चित्र ओढत न्यायचे असले, की सेकंदाला 60 वेळा ये-जा करावी लागते आणि पूल तुंबतो. एअरबीएनबीच्या तक्रारींत लांब याद्या, बोटांच्या हालचाली आणि पहिला पडदा उघडण्यातला उशीर ठळकपणे होते.

पण त्यांच्या लेखांतली खरी गोष्ट पुढे आहे. कंपनीकडे आधीपासून दोन मोठी, चांगली लिहिलेली अ‍ॅप्स होती. त्यांच्या आत रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे भाग बसवायचे होते. लॉगिन, नकाशे, भाषांतर, नेटवर्क या प्रत्येक गोष्टीसाठी जुन्या आणि नव्या कोडमध्ये जोडकाम करावे लागले. बग सापडला की तो आयफोनच्या बाजूचा, अँड्रॉइडच्या बाजूचा, की मधल्या पुलाचा, हे शोधण्यासाठी तिन्ही जाणणारे माणूस लागे. दोन अ‍ॅप्सऐवजी एक सांभाळायचे म्हणून निघालेली कंपनी तीन सांभाळू लागली. ज्यांच्या वाट्याला फक्त नवे पडदे लिहिणे आले, ते इंजिनिअर खूश होते. ज्यांना सांधे सांभाळावे लागले, त्यांच्यावर ओझे वाढत गेले. 63 टक्क्यांचा आकडा आणि साधन सोडण्याचा निर्णय एकाच इमारतीत कसे नांदले, ते यातून कळते.

ड्रॉपबॉक्सची कहाणी याच्या शेजारी ठेवून वाचावी. या कंपनीने 2013 च्या सुमारास सी प्लस प्लसमध्ये सामाईक कोड लिहायला घेतला. ही भाषा दोन्ही फोनांवर चालते, वेगात तर कोणाला हार जात नाही. मग कंपनीला सी प्लस प्लसला जावाशी आणि ऑब्जेक्टिव्ह-सीशी बोलायला लावणारे ‘जिनी’ नावाचे साधन स्वतः बनवावे लागले. डिबगिंगची व्यवस्था स्वतःची, छोट्या छोट्या लायब्ररी स्वतःच्या. हे सगळे उभारणारे अनुभवी लोक काही काळाने दुसरीकडे गेले. त्यांच्या जागी मोबाइलही जाणणारे आणि सी प्लस प्लसही जाणणारे लोक मिळेनात. 2019 मध्ये कंपनीने ही वाट सोडल्याचे सविस्तर लिहिले. भाषेत किंवा यंत्रात खोट नव्हती. सांधा कंपनीने स्वतः घडवला होता आणि तो घडवणारे हात निघून गेले होते.

याच्या उलट टोकाला शॉपिफाय ही कॅनडातली कंपनी आहे. एअरबीएनबीने सोडल्यानंतर दीड वर्षाने, जानेवारी 2020 मध्ये, यापुढची सगळी मोबाइल अ‍ॅप्स रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये लिहिणार, असे तिने जाहीर केले. तिने पुलाची दुरुस्तीही अंगावर घेतली. लांब याद्या अडखळतात, हे जुने दुखणे होते. शॉपिफायच्या टीमने 2022 मध्ये फ्लॅशलिस्ट नावाची यादीची लायब्ररी लिहून सर्वांना मोफत दिली. बोटांच्या हालचालींचे काम पोलंडमधल्या क्राकूव्हच्या सॉफ्टवेअर मॅन्शन या कंपनीने तडीस नेले. फेसबुकने 2019 मध्ये हर्मिस हे मोबाइलसाठी खास बनवलेले जावास्क्रिप्ट इंजिन आणले, त्यामुळे पहिला पडदा लवकर उघडू लागला. ज्या पुलाबद्दल एवढे बोलले गेले, तोही मागे पडला. ऑक्टोबर 2024 च्या 0.76 या आवृत्तीपासून जावास्क्रिप्ट आणि फोन यांना थेट जोडणारी नवी रचना मुळातच चालू असते. म्हणून 2018 च्या लेखांचा हवाला देऊन आजच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा निकाल लावणे अन्यायाचे आहे. त्या लेखांतले माणसांविषयीचे निरीक्षण तेवढे आजही तसेच्या तसे लागू पडते.

गूगलने निराळाच रस्ता धरला. फोनकडे बटण मागायचेच नाही. फोनने फक्त एक कोरा पडदा द्यावा, त्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर, प्रत्येक सावली आपण रंगवू. हे फ्लटर. त्याची भाषा डार्ट. ती गूगलने 2011 मध्ये ब्राउझरसाठी आणली होती, पण तिथे ती रुजली नाही. फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती 4 डिसेंबर 2018 रोजी आली, म्हणजे एअरबीएनबीच्या मालिकेनंतर सहा महिन्यांनी, आणि साशंक झालेल्या अनेक टीम तिकडे वळल्या.

फ्लटरचा फायदा पहिल्याच दिवशी जाणवतो. महागड्या आयफोनवर आणि जुन्या अँड्रॉइडवर पडदा जवळजवळ हुबेहूब सारखा दिसतो, कारण तो रंगवणारा एकच आहे. गूगल पे हे अ‍ॅप, जे भारतात 2017 साली ‘तेज’ नावाने सुरू झाले होते, पुढे फ्लटरमध्ये नव्याने लिहिले गेले. गूगलने दिलेल्या माहितीनुसार दोन्ही फोनांचा मिळून 17 लाख ओळींचा कोड होता, तो 11 लाख ओळींवर आला. पैशांचे व्यवहार करणारे, कोट्यवधी लोकांच्या हातातले अ‍ॅप म्हटल्यावर हा लहान प्रयोग नव्हे. बीएमडब्ल्यूचे अ‍ॅप आणि ब्राझीलच्या नूबँकचे अ‍ॅपही याच वाटेने गेले.

फ्लटरमध्ये सांधा या कोऱ्या पडद्याच्या कडेला आहे आणि तिथे त्याची किंमत मोजावी लागते. आयफोनवर पहिल्यांदा एखादे अ‍ॅनिमेशन चालवताना फ्लटरची अ‍ॅप्स क्षणभर अडखळत. रंगवण्याच्या सूचना ऐनवेळी तयार होत, हे त्याचे कारण. त्यासाठी गूगलला इम्पेलर हे नवे रंगवण्याचे इंजिनच लिहावे लागले. मे 2023 पासून आयफोनवर तेच मुळात वापरले जाते. शिवाय फोनने आपले रूप बदलले की फ्लटरचे पडदे आपोआप बदलत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅपलने काचेसारखे पारदर्शक, नवे रूप असलेली आयओएस 26 आणली. फोनची स्वतःची बटणे वापरणारी अ‍ॅप्स नव्या साधनांनी पुन्हा बांधली की त्यांच्यात बरेचसे नवे रूप येते. फ्लटरने रंगवलेली बटणे आधी होती तशीच राहिली.

अंध वापरकर्त्यांचा प्रश्नही इथेच येतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर ही साधने फोनच्या बटणांना ओळखतात, रंगवलेल्या चित्राला नाही. म्हणून फ्लटर पडद्याच्या मागे अर्थाची एक वेगळी रचना उभारून या साधनांच्या हाती देते. ती चांगली चालते, पण स्वतः घडवलेल्या प्रत्येक नव्या नियंत्रणाला नाव द्यायचे काम डेव्हलपरनेच आठवणीने करायचे असते. निवडीच्या बैठकीत हा विषय फार क्वचित निघतो आणि तो निघायलाच हवा.

मराठी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. जोडाक्षरे जुळवण्याचे काम आता सगळीच साधने नीट करतात. फ्लटरमध्ये ते काम हार्फबझ हे इंजिन करते आणि अँड्रॉइड स्वतःही तेच वापरतो. अडचण बारकाव्यांत येते. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेविषयीच्या 2009 च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला. काही देवनागरी फाँटमध्ये ही मराठी रूपे दडलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असे सांगितल्याशिवाय ती वापरली जात नाहीत आणि हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. वेबव्ह्यूत हे पानाच्या भाषेच्या खुणेने सांगायचे, फ्लटरमध्ये मजकुराच्या लोकॅलने. दुसरी अडचण ओळीच्या उंचीची. इंग्रजीसाठी घट्ट बसवलेली उंची ‘मूर्ती’सारख्या शब्दाला अपुरी पडते, वर रफार आणि वेलांटी, खाली दीर्घ ऊकार, आणि दोहोंपैकी एक कापला जातो. डिझाइनच्या नमुन्यात इंग्रजी मजकूर घालून साधनाची परीक्षा घेतली, तर ही गोष्ट अ‍ॅप लोकांच्या हाती गेल्यावरच कळते.

चौथी जागा सर्वांत खाली आहे. पडदे दोन्हीकडे वेगळेच ठेवायचे, आयफोनवर स्विफ्टमध्ये आणि अँड्रॉइडवर कोटलिनमध्ये. पडद्यामागचे नियम, साठवण आणि नेटवर्क एवढेच सामाईक करायचे. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हे काम करते. जेटब्रेन्स या कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये ते पक्के जाहीर केले आणि मे 2024 मध्ये गूगलने त्याला अधिकृत पाठिंबा दिला. नेटफ्लिक्सने मात्र ते 2020 मध्येच वापरात आणले होते. चित्रीकरणाच्या ठिकाणी काम करणाऱ्या लोकांसाठीचे ते अ‍ॅप होते. तिथे इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून माहिती फोनवरच साठवून नंतर जुळवायची असते. हे जुळवणे किचकट असते आणि दोनदा लिहिले की दोनदा चुकते. नेटफ्लिक्सने तेवढेच सामाईक केले. व्याजाची आकारणी दोन फोनांवर वेगळी येते, या दुखण्यावर हा सर्वांत नेमका उपाय आहे. यात माणसे मात्र वाचत नाहीत. पडदे लिहायला दोन्हीकडचे जाणकार लागतातच. आता जेटब्रेन्सने पडदेही सामाईक करण्याची सोय दिली आहे आणि मे 2025 मध्ये ती आयफोनसाठीही पक्की झाली, पण तिथे पडदा रंगवण्याची पद्धत फ्लटरच्या जवळची आहे आणि प्रश्नही तसेच.

या सगळ्यात एक प्रश्न भारतात तरी सर्वांआधी विचारायला हवा. आयफोनचे अ‍ॅप आत्ता लागणार आहे का? केंद्र सरकारने मे 2020 मध्ये आरोग्य सेतु अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ 98 टक्के लोक अँड्रॉइडवर असल्याचे सांगितले होते. एखाद्या तालुक्यातल्या दूध संघाला आपल्या उत्पादकांसाठी दुधाची फॅट, दर आणि बिल दाखवणारे अ‍ॅप हवे असेल, तर कोटलिनमध्ये एकच अँड्रॉइड अ‍ॅप लिहिणे हा समंजस निर्णय ठरतो. आयफोनवाल्या मोजक्या सभासदांना ब्राउझरमध्ये चालणारे पान पुरते. तेच अ‍ॅप पुण्यामुंबईतल्या नोकरदारांसाठी किंवा परदेशी राहणाऱ्यांसाठी असेल, तर आयफोन टाळून चालत नाही. अशा नव्या, कोऱ्या अ‍ॅपला, टीम तीन-चार जणांची असताना, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर या दोन्हींपैकी काहीही चालते. टीमला वेबचे आणि जावास्क्रिप्टचे काम येत असेल तर पहिले, पडद्यांचे रूप स्वतःचे आणि दोन्हीकडे एकसारखे हवे असेल तर दुसरे. ज्यांच्याकडे दोन जुनी, मोठी अ‍ॅप्स आधीच आहेत, त्यांनी एअरबीएनबीची मालिका पुन्हा वाचावी आणि कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मने एखादा नियमांचा भाग सामाईक करून पाहावा. वेबव्ह्यूही अजून बाद झालेला नाही. माहिती दाखवणारी, फॉर्म भरून घेणारी कितीतरी अ‍ॅप्स त्यावर सुखाने चालतात. 2012 चे फोन आणि आजचे स्वस्त फोन यांच्या ताकदीत फार मोठा फरक पडला आहे.

निवड पक्की करण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्यावी. लॉगिनचा पडदा सगळ्याच साधनांत सुरेख होतो, त्यावरून काही ठरवू नये. अ‍ॅपमधला सर्वांत अवघड पडदा आधी लिहावा. दुधाच्या अ‍ॅपमध्ये तो ब्लूटूथ प्रिंटरवर पावती छापणारा असेल, दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्यातून कागद टिपणारा किंवा हजार नोंदींची यादी सरकवणारा असेल. तो दोन साधनांत लिहून, लोक खरोखर वापरतात त्या स्वस्त फोनवर, मराठी मजकुरासह, टॉकबॅक चालू करून पाहावा. या कामाला काही दिवस जातात आणि पुढची काही वर्षे वाचतात.

उरतो आयुष्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. साधने मरतात. अ‍ॅडोबीने 2020 मध्ये फोनगॅप बंद केले. सी शार्प भाषेत अ‍ॅप्स लिहू देणारे झामरिन 2011 मध्ये सुरू झाले, मायक्रोसॉफ्टने ते 2016 मध्ये विकत घेतले आणि 1 मे 2024 रोजी त्याचा आधार काढून घेतला. वापरणाऱ्यांना मावी नावाच्या वारसदाराकडे स्थलांतर करावे लागले. स्टोअरमध्ये न जाता रिअ‍ॅक्ट नेटिव्हची अ‍ॅप्स अद्ययावत करणारी मायक्रोसॉफ्टची कोडपुश सेवा मार्च 2025 अखेर थांबली. गूगलने 2024 च्या वसंतात फ्लटरच्या टीममधून माणसे कमी केली, तेव्हा काही डेव्हलपरांनी त्याच वर्षी फ्लटरच्या कोडची फ्लॉक ही वेगळी शाखा काढली. फ्लटर चालू आहे आणि गूगलची स्वतःची मोठी कामे त्यावर आहेत. रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह एका कंपनीच्या हातातून काढून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील स्वतंत्र संस्थेकडे देण्याचे मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीने, ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केले. मालक स्वतः आपल्या मोठ्या अ‍ॅप्समध्ये साधन वापरतो का आणि त्याच्याबाहेरही ते सांभाळणारे लोक आहेत का, या दोन गोष्टी पाहिल्या की साधनाच्या आयुष्याचा बराच अंदाज येतो.

त्याखेरीज अ‍ॅपला दरवर्षीची देखभाल लागतेच, आणि ती करारात व अंदाजपत्रकात लिहिलेली असावी. नोव्हेंबर 2025 पासून प्ले स्टोअरने अँड्रॉइड 15 व पुढील आवृत्त्यांसाठी बांधलेल्या अ‍ॅप्सना 16 केबीच्या मेमरी पानांशी सुसंगत असणे बंधनकारक केले. निव्वळ कोटलिनमध्ये लिहिलेल्या, बाहेरच्या सी प्लस प्लस लायब्ररी न वापरणाऱ्या अ‍ॅप्सना त्यासाठी काही करावे लागले नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्हने ही सोय जानेवारी 2025 च्या 0.77 आवृत्तीत दिली. पण अ‍ॅपमध्ये जोडलेले प्रत्येक प्लगइनही सुसंगत हवे, आणि त्यांतले एखादे ज्या एकट्या माणसाने लिहिले, त्याने ते केव्हाच सोडून दिलेले असू शकते. जी अ‍ॅप्स तीन-चार वर्षे कोणी उघडून पाहिली नव्हती, त्यांच्या वाट्याला कामाची रांगच आली: आधी एकेक आवृत्ती चढवत वर यायचे, मग मेलेल्या प्लगइनला पर्याय शोधायचा, आणि तो बसल्यावर 16 केबीच्या मूळ कामाला हात घालायचा.